हरलेल्याचं नाव पुकारणारे तात्या

तात्यांच्या हातात लांबट काहीही आलं की ते बोलायला लागायचे. पळी, टॉर्च, काकडी, उसाचं कांडं, काहीही. आधी बोटातल्या अंगठीनं त्यावर दोनदा टकटक करायचं, मग एक फुंकर मारायची, आणि मग सुरू. एकदा भिगवणजवळ पेट्रोल भरताना पंपावरचा पोरगा जरा बाजूला गेला, तर यांनी नोझल उचललं, टकटक केलं आणि मागच्या रांगेला शांततेचं आवाहन केलं. रांग खरंच शांत झाली. दोन ट्रॅक्टरवाल्यांनी तर इंजिन बंद केलं.

तात्या डाळजचे. त्यांची धाकटी बहीण आमच्या कन्हेरीत दिलेली, नंदाकाकू, अगदी आमच्या शेजारी. त्यामुळे महिन्यातून दोनदा तरी तात्यांची स्कूटर आमच्या दारावरून जायची, मागे दोन कर्णे बांधलेले. जत्रेत कुस्त्यांच्या मैदानात एक माणूस असतो बघा, माईकवरून पैलवानांची नावं पुकारणारा, कुणी कुठला डाव टाकला ते सांगणारा, आणि मधेच हरवलेलं पोरगं नि सापडलेली चप्पल जाहीर करणारा. तो माणूस म्हणजे तात्या. इंदापूर आणि बारामती, दोन्ही तालुक्यांत, चाळीस वर्षं. घरी आले तरी तसेच. जेवायला बसले की वाढणाऱ्या मंडळींनी डाव्या बाजूनं यावं अशी सूचना, चमच्यातून. पंगतीत आम्ही तिघंच असायचो.

त्यांचा एक नियम होता. कुस्ती संपली की लोक जिंकलेल्या पैलवानाला खांद्यावर घेऊन नाचायचे, हलगी वाजायची, आणि तात्या थांबायचे. गोंधळ संपला की टकटक, फुंकर, आणि मग हरलेल्या पैलवानाची पुकार. नाव, गाव, वस्ताद. तीनही गोष्टी, दोनदा. अमका अमका, गाव अमुक, तमक्या वस्तादांचा पठ्ठा. ते झाल्याशिवाय पुढची कुस्ती लागायची नाही. कमिटीवाले वैतागायचे. तात्या म्हणायचे, "जितल्याचं नाव कुणीबी घेतंय. हारल्याचं घ्यायला मला बोलावत्यात."

आणि हे नुसतं बोलणं नव्हतं. एकदा एक पैलवान हरल्या हरल्या लाजून कपडे काखेत मारून थेट एसटी स्टँडवर गेला. तात्यांनी मैदान थांबवलं. कर्णे सोडले, स्कूटरला बांधले, बॅटरी पायात घेतली आणि स्टँड गाठला. पैलवान गाडीत मागच्या सीटवर तोंड लपवून बसलेला. तात्यांनी खिडकीखाली स्कूटर लावली आणि अख्ख्या स्टँडला त्याचं नाव, गाव, वस्ताद दोनदा ऐकवलं. लोकांना वाटलं गाडीच लागली कुठली तरी, दोघं जण पिशव्या घेऊन पळत आले. कंडक्टरनं मात्र ओळखलं. त्यानं टाळ्या वाजवल्या, मग गाडीनं वाजवल्या, मग घंटी देऊन गाडी सुटली.

आता यात मी कुठून आले ते सांगते. मी बारामतीच्या कॉलेजात फुटबॉल खेळते. गोलकीपर. आमच्या घरात कुणालाच हे नीट कळत नव्हतं. आई माझा एक मोबाईलवरचा व्हिडिओ बघून म्हणाली होती, "बाकीच्या पळत्यात, तू एकटीच का उभी केलीय? काय केलंस?" तिला वाटलं शिक्षा केलीये. तर त्या वर्षी राष्ट्रीय कपाची फायनल लागली, आणि तीही एकाच शहरातल्या दोन क्लबांची, लांब पूर्वेकडच्या. एक निळा, एक पिवळा, आणि दोघांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं हाडवैर. मी म्हटलं, हीच वेळ आहे. अख्ख्या गावाला मॅच दाखवायची. गोलकीपर काय असतो ते आईनं एकदा मोठ्या पडद्यावर बघायचं.

मॅच रविवारी दुपारी. दुपारी प्रोजेक्टर दिसायला अंधार पाहिजे. अंधार कुठं मिळणार? नंदाकाकूंच्या पोल्ट्रीच्या शेडमध्ये. कोंबड्यांची बॅच नुकतीच गेली होती, शेड धुऊन चुना मारून रिकामी होती, आणि बाजूचे पडदे सोडले की आत गुडूप. समोर पांढरी चादर बांधली, प्रोजेक्टरला लॅपटॉप जोडला आणि लॅपटॉपला माझ्या मोबाईलचं नेट दिलं. वास होता, पण तो आम्हाला कोणाला आला नाही, पाहुण्यांना आला. कोंबड्यांची पाण्याची भांडी दोऱ्यांनी वर बांधलेली होती, ती उंच माणसांच्या डोक्याला लागत होती. पुढं घडलं ते सगळं डोक्यावर लाल भांडी लटकताना घडलं, हे लक्षात ठेवून वाचा.

दीडशे माणूस जमलं. नंदाकाकूंच्या माहेरचे, म्हणजे इंदापूर तालुक्यातलेही एक टेम्पो भरून आले. दोन्ही तालुके एका छताखाली आले की काय होतं तुम्हाला माहितीये. बारामतीवाले डावीकडं बसले आणि निळ्यांचे झाले. मग इंदापूरवाले उजवीकडं बसले आणि पिवळ्यांचे झाले. पाच मिनिटांपूर्वी यातल्या एकालाही दोन्ही क्लबांची नावं माहीत नव्हती. आता पिंपळीचे बापूराव उठून म्हणाले की आमचं घराणं पहिल्यापासून निळ्यांचं.

आणि प्रोजेक्टरला आवाजच येईना. चित्र येत होतं, आवाज नाही. मुकी मॅच कोण बघणार? लोक उठायला लागले. नंदाकाकूंच्या तोंडून निघून गेलं, "दादाचा आवाज पायजे हुता." दादा म्हणजे तात्या, आणि ते का बोलत नाहीत ते सगळ्यांना माहीत होतं. तात्यांच्या घशात गाठ निघाली होती. गुरुवारी पुण्याला ऑपरेशन. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की आवाज राहणार नाही, आणि तोवरही जास्त बोलायचं नाही. महिनाभर तात्या कुठल्या मैदानात गेले नव्हते.

पण ते शेडमध्येच होते. शेवटच्या रांगेत, गळ्याला मफलर गुंडाळून, इंदापूरच्या टेम्पोतून आलेले. शेजारी त्यांच्या मालकीण, शकुंतलाकाकू, त्यांना गप्प ठेवायला मुद्दाम आलेल्या. मी बघितलं तेव्हा तात्या हातातल्या छत्रीच्या मुठीवर अंगठीनं टकटक करत होते. काकूंनी छत्री काढून घेतली. तात्यांनी काकूंकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग काकूच म्हणाल्या, "चाळीस वर्सं देवाला म्हनत हुते, ह्यांचं त्वांड बंद कर. त्यानं आता लईच मनावर घेतलं. जावा, बोला." कर्णे टेम्पोतच होते. आजारी माणूस नुसती मॅच बघायला येताना कर्णे का आणेल, असं कुणी विचारलं नाही.

टकटक. फुंकर. सगळी शेड सरळ बसली.

तात्यांनी आयुष्यात फुटबॉल बघितला नव्हता, पण त्यानं त्यांचं काहीच अडलं नाही. बावीस पैलवान मैदानात उतरलेत, वजनं जाहीर झालेली नाहीत, कमिटीनं नोंद घ्यावी. निळ्या आठ नंबरनं पाय लावला, पिवळ्यानं पट काढला, पंचांनी शिट्टी मारली, कशाला मारली ते पंचांना ठाऊक, आपण पंचांचा मान राखायचा. मधे मधे एमएच बेचाळीस पांढरी पिकअप उसाच्या ट्रॉलीपुढं लागलीये ती काढून घ्यावी. निळ्यांचा गोल झाला तेव्हा तात्या पिकअपवरच होते. गोल दीडशे लोकांनी बघितला आणि कर्ण्यातून ऐकू आलं की गाडीवाल्यांना ही शेवटची विनंती.

मग टीव्हीवाल्यांनी तोच गोल पुन्हा दाखवायला घेतला, हळूहळू, पिवळ्या गोलकीपरच्या तोंडावर कॅमेरा मारून. तात्या उठले आणि प्रोजेक्टरसमोर जाऊन उभे राहिले. चादरीवर नुसती तात्यांची सावली, टोपीसकट. लोक ओरडले. तात्या माईकवर शांतपणे म्हणाले, "एकदा चितपट झालं, सगळ्यांनी बघितलं. पुन्यांदा पुन्यांदा पाडून दाखवायचं नसतंय. त्याच्या घरचं बी बघत असतील." पूर्ण मॅचभर त्यांनी हे केलं. कुठल्याही गोलकीपरचा गोल आमच्या गावात दुसऱ्यांदा दिसला नाही.

बक्षिसांचं तर विचारूच नका. मैदानात चांगल्या कुस्तीला लोक बक्षीस लावतात आणि ते माईकवर जाहीर होतं, ही पद्धतच आहे. बापूरावांनी सवयीनं निळ्या आठ नंबरला एक कॅरेट डाळिंब लावलं. इंदापूरकडून लगेच पिवळ्या गोलकीपरला दोन कॅरेट पेरू. मग कुणी कलिंगडं, कुणी टोमॅटो. मी तात्यांच्या कानात सांगितलं की तात्या, ती माणसं इथं नाहीयेत, ती लई लांब आहेत. तात्या म्हणाले, "मंग? माईकवर बोललं ते झालं." हाफटाइमला शेडच्या दारात खरंच कॅरेटं येऊन पडली. ती पुढं आमच्या शाळेत वाटली. तात्यांच्या सांगण्यावरून मास्तरांनी प्रत्येक पोराला हातात पेरू देताना सांगितलं की हा पिवळ्या गोलकीपरच्या वतीनं.

पिवळ्यांनी दुसऱ्या डावात गोल फेडला. जादा वेळही बरोबरीत गेला. तात्यांनी पंचांना माईकवरून हात जोडले की दोन्ही पठ्ठे दमलेत, बरोबरीत सोडवा, दोघांना पटका बांधा. पंचांनी ऐकलं नाही. पेनल्टी लागल्या. एकेक जण येणार, चेंडू ठेवणार, मारणार, आणि समोर एकटा गोलकीपर. शेडमध्ये पहिल्यांदा कुणी बोलेना. तात्यांचा आवाज तोवर चिरकत चालला होता, तेही नुसतं "आता" एवढंच म्हणायचे. अंधारात आईनं माझं मनगट धरलं. "तू हितं उभी असतीस व्हय?" मी म्हटलं हो. तिनं मनगट सोडलंच नाही.

शेवटचा फटका पिवळ्या गोलकीपरच्या हाताला लागून, काखेखालून आत गेला. निळे जिंकले. बारामतीची बाजू उठून नाचायला लागली, लाल भांडी डोक्यांवर आपटायला लागली, इंदापूरवाले टेम्पोकडं निघाले. तेवढ्यात माझं नेट संपलं आणि चित्र गोठलं. चादरीवर नेमका पिवळा गोलकीपर, गुडघ्यावर बसलेला, हातमोज्यांत तोंड खुपसून.

टकटक. फुंकर.

"कुनी उठायचं न्हाय. हारल्याचं नाव पुकारल्यालं न्हाय."

लोक बसले. एवढ्या वर्षांची सवय. मग तात्यांनी माझ्याकडं बघून हात पुढं केला, चिठ्ठी मागतात तसा. नाव, गाव, वस्ताद. मी गार. त्याच्या पाठीवर नुसता एक नंबर होता. मी म्हटलं, नाव मिळेल मोबाईलवर. आणि गाव? म्हटलं, बघते. वस्ताद? मी म्हटलं, तात्या, वस्ताद कसा मिळेल. तात्या हलक्या आवाजात म्हणाले, "मिळंल तवा मिळंल. बेस्तरवारपतुर येळ हाय." गुरुवार म्हणजे ऑपरेशनचा दिवस. मी बापूरावांचं नेट घेतलं.

नाव मिळालं, फटिक. गाव दोन ठिकाणी दोन वेगळी. वस्ताद कुठंच नाही. मग मी पिवळ्या क्लबच्या चाहत्यांचा एक ग्रुप शोधला आणि तिथं हिंदीत लिहिलं की तुमच्या गोलकीपरचं गाव सांगा, त्याला लहानपणी कुणी शिकवलं ते सांगा, लवकर सांगा, दीडशे लोक कोंबड्यांच्या शेडमध्ये थांबलेत. विचार करा. फायनल हरून दहा मिनिटं झालेली आणि असा मेसेज. पहिल्या सहा जणांनी मला शिव्या दिल्या. सातव्यानं विचारलं की तुम्ही निळ्यांचे ना? मी पटकन शेडचा फोटो काढून टाकला. भांडी, टोप्या, मफलरवाले तात्या, मागं चादरीवर फटिक. मग त्या सातव्याचा फोनच आला. तो स्टेडियमबाहेर रस्त्यावर होता, रडून आवाज बसलेला. त्यानं एवढंच विचारलं की हरलेल्याचं नाव कशासाठी पाहिजे. मी सांगितलं की आमच्याकडं घेतात. तो म्हणाला, थांबा. त्यानं आणखी कुणाला फोन लावला, त्यानं आणखी कुणाला. पाऊण तास गेला. शेडमध्ये नंदाकाकूंनी दोनदा चहा फिरवला, आणि एकही माणूस उठला नाही. पिकअपवाला तेवढा जाऊन गाडी काढून आला.

शेवटी उत्तर आलं. गाव पलाशडांगा. शिकवणारा त्याचा मामा, गावातला पोस्टमन, टपाल वाटून आला की संध्याकाळी दोन आंब्यांच्या मधे त्याला उभं करून चेंडू मारायचा. मी ते कागदावर मोठ्या अक्षरात लिहून तात्यांना दिलं, आणि फोन तसाच चालू ठेवून कर्ण्याकडं धरला.

तात्यांनी टोपी नीट केली. "फटिक. गाव पलाशडांगा. पोस्टमनमामांचा पठ्ठा." दीडशे माणसांनी टाळ्या वाजवल्या, निळ्यांच्या बारामतीवाल्यांनी जास्त. मग दुसऱ्यांदा. "फटिक. गाव पलाशडांगा. पोस्टमनमामांचा," आणि पुढं नुसती हवा आली. ओठ हलले, कर्ण्यातून फस्स झालं. बाळूकाका, नंदाकाकूंचे मालक, धावत जाऊन अँप्लिफायरची वायर हलवायला लागले. हलवत राहिले. फोनवरचा तो माणूस विचारत होता की काय झालं, आवाज का गेला. तात्यांनी माईक बंद केला, वायर गुंडाळली, नेहमी गुंडाळायचे तशी, कोपर ते अंगठा.

गुरुवारी ऑपरेशन झालं. गाठ गेली आणि आवाजही गेला. त्यानंतर तात्या वर्षभर होते. कन्हेरीत यायचे, ओट्यावर बसायचे, हातात काही लांबट आलं की टकटक करायचे, फुंकर मारायचे, आणि मग ते खाली ठेवून द्यायचे. ती ठेवून देतानाची त्यांची सावकाशी मला अजून बघवत नाही, म्हणजे आठवतानासुद्धा.

त्याच वर्षात इंदापूरला मुलींची स्पर्धा झाली. फायनल आमची आणि इंदापूरची, म्हणजे झालंच. आई पहिल्यांदा मॅचला आली, गोलपोस्टच्या मागं जाऊन बसली, जसं काही माझं डोकं दुखलं तर लगेच दाबायला. बरोबरी, मग पेनल्टी. शेवटची माझ्या पायांमधून गेली. हाताला नाही, काखेखालून नाही, सरळ दोन्ही पायांच्या मधून, तेही हळू. लोक हसले. मी तिथंच खाली बसले आणि हातमोज्यांत तोंड घातलं. स्टेजवरून निवेदकानं विजयी संघ पुकारला, पाहुणे पुकारले, मंडपवाले, पाणीवाले, ज्यांनी ज्यांनी हातभार लावला ते सगळे पुकारले, आणि आभार मानून माईक ठेवून दिला. गर्दी उठली. खुर्च्या वाजायला लागल्या.

टकटक.

मग फुंकर.

इंदापूरच्या त्या मैदानावर निम्मी माणसं जिथं होती तिथं थांबली. बाकीची का थांबली हे त्यांनाही माहीत नसेल. मी तोंडावरून हातमोजे काढून बघितलं तर तात्या स्टेजवरून उतरून येत होते, हातात बिनवायरचा माईक, गळ्याला मफलर, मागं शकुंतलाकाकू. अख्खं मैदान ओलांडून ते माझ्यापर्यंत आले आणि माईक माझ्या तोंडापुढं धरला. काही सांगायची गरज नव्हती. मी उठून उभी राहिले.

"सायली पोपटराव. गाव कन्हेरी."

तात्यांनी माईक हलवला नाही. तिसरं राहिलं होतं. आमचे सर समोर शिट्टी गळ्यात घालून उभे होते, भला माणूस, तीन वर्षं मला शिकवत होते, त्यांची मी नंतर माफी मागितली.

"डाळजच्या तात्यांची पठ्ठी."

टाळ्या झाल्या की नाही मला आठवत नाही. तात्यांनी माईक स्वतःकडं वळवला. सवयच ती, पुकार दोनदा करायची असते. त्यांनी तोंड उघडलं, आणि सगळ्या कर्ण्यांतून नुसती हवा आली, लांबलचक, पूर्ण एका पुकारीएवढी. नाव, थोडं थांबून गाव, थोडं थांबून वस्ताद. स्टेजवरचा साऊंडवाला गडबडीनं वायरी तपासायला धावला.

शकुंतलाकाकूंनी लांबूनच त्याला हात केला.

"ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या, "वायर चांगली हाय."